रखमाजीच्या खाचराची हद्द

गेनूआबांसमोर जमिनीबद्दल अंदाजपंचे बोलायची सोय नव्हती. ‘इथं कुठंतरी चिमाजीची विहीर होती’ असं कुणी म्हणालं, की आबांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. “कुठंतरी म्हंजी? हीर काय शेरडू हाय व्हय, हितनं तितं हिंडाया?” असं म्हणत ते बोलणाऱ्याचा दंड धरून त्याला काठावर न्यायचे आणि पाण्याकडं बोट करायचे. तिथं पाण्याशिवाय काहीच नसायचं. पण आबांना विहीर दिसायची, विहिरीशेजारचं जांभूळ दिसायचं, आणि त्या जांभळावरून पडून कुणाचा हात मोडला होता तेही ते सांगायचे. ऐकणाऱ्याला त्यात रस आहे की नाही, हे विचारायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

उंबरवाडी हिर्डोशीच्या पुढं, धरणाच्या पाण्याला चिकटून आहे. घरं अकरा, त्यातली चार कुलूपबंद. समोरच्या काठावर डांबरी सडक आहे, दिवसातून दोनदा एसटी येते, दवाखाना आहे, चौथीच्या पुढची शाळा आहे. म्हणजे माणसाला जे जे लागतं ते सगळं पलीकडं, आणि वाडी अलीकडं. होडीनं वीस मिनिटांची वाट. डोंगराला वळसा घालून पायी गेलं तर तीन तास, तेही गुडघे शाबूत असतील तर. त्यामुळं वाडीचं सगळं जगणं काठावरच्या एका जागेला बांधलेलं होतं. त्या जागेला सगळे ‘उतार’ म्हणत.

उतार म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, पन्नास-साठ पावलांचा एक सपाट मुरमाड तुकडा. बाकीच्या काठाला एकतर उभा कातळ, नाहीतर कमरेएवढा गाळ. त्यात म्हैस रुतली तर दोर लावून काढावी लागते. होडी लागायची ती फक्त उतारावर. तिथंच जाळी वाळायची, थर्माकोलचे तराफे उलटे पडलेले असायचे. सकाळी जाळ्यात सापडलेले कटला आणि चिलापी मासे वाडीतली बनाबाई तिथंच पाटीत भरायची आणि पलीकडच्या एसटीनं भोरच्या बाजाराला न्यायची. वाडीतल्या अडलेल्या बाळंतिणी तिथूनच पलीकडं गेल्या, आणि नव्या नवऱ्या तिथंच पहिल्यांदा उतरून, ‘आईबापानं कुठं दिलं मला’ म्हणून रडल्या. मेलेल्याला मात्र पलीकडं न्यावं लागत नसे. तेवढी एक गोष्ट वाडीला अलीकडं उरकता यायची.

आबांचा जन्म खालच्या गावातला, म्हणजे आता जिथं मासे फिरतात तिथला. वयाची पंचेचाळीस वर्षं त्यांनी भात आणि नाचणी केली. पाण्याशी संबंध म्हणाल तर ओढ्यात बैल धुण्यापुरता. मग धरण झालं आणि गाव वर सरकलं. अर्ध्याहून जास्त माणसं फलटणच्या बाजूला मिळालेल्या जमिनींवर निघून गेली. बाकीच्यांनी जनावरं हाकत डोंगराच्या अंगाला वाडी मांडली. शेत गेल्यावर खायचं काय, हा प्रश्न आबांनी ज्या पद्धतीनं सोडवला ती आठवून भामाबाई, म्हणजे त्यांची बायको, अजून कपाळाला हात लावते. पोहता न येणारा हा माणूस एक दिवस ट्रकच्या चाकाची ट्यूब घेऊन आला, तिच्यावर बसला, आणि जाळं घेऊन पाण्यात शिरला. भामाबाई काठावर उभी राहून एकेका देवाचं नाव घेत होती. पहिल्या वर्षी त्यांना माशांपेक्षा सर्दीच जास्त मिळाली. पण तीन-चार वर्षांत कुठल्या वाऱ्याला मरळ कुठं बसते हे ते असं सांगू लागले, की जणू बापजाद्यांपासून हाच धंदा.

रखमाजी त्यांचा जिवाचा दोस्त. दोघांची भाताची खाचरं एकमेकांना लागून. बांधाला बांध असूनही ज्यांचं कधी भांडण झालं नाही, असे तालुक्यात हे दोघंच असावेत. रखमाजीच्या पोरांनी फलटणकडं जायचा हट्ट धरला, तेव्हा त्याचा नाइलाज झाला. त्याचं खालचं खाचर बुडालं, पण वरचा तुकडा पाण्याबाहेर राहिला होता. उतार म्हणतात तो हाच. जायच्या दिवशी टेम्पोत भांडीकुंडी भरून झाल्यावर रखमाजी तिथं आला आणि वाडीच्या देखत म्हणाला, “गेन्या, ह्यो तुकडा वाडीनं वापरावा. हितनं माणसं जात-येत ऱ्हाऊ द्या.” एवढंच. कागद करायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. तो विषय काढणं म्हणजे रखमाजीच्या शब्दावर संशय घेणं झालं असतं, आणि तसा संशय घेणारा माणूस वाडीत नव्हता.

पुढं दोघांची पत्रं चालत. दोघांनाही लिहिता येत नव्हतं, ही त्यातली अडचण. रखमाजीचं पत्र त्याची सून लिहायची आणि आबांचं पत्र त्यांची एकुलती एक लेक, कोमल. आलेलं पत्र कोमल अंगणात बसून मोठ्यानं वाचायची; आबा जाळं विणता विणता ऐकायचे आणि ‘पुन्यांदा वाच’ म्हणून तिला तीन-तीनदा वाचायला लावायचे. नंतर मोबाईल आले, कोमलचं लग्न झालं, ती शिवऱ्याला नांदायला गेली. दोन वर्षांपासून रखमाजीचा मोबाईलही लागेनासा झाला. आबांनी मनाशी ठरवून टाकलं, की गडी बहिरा झाला असणार.

आता वाडीचा एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. चैत्रात धरणाचं पाणी हटतं आणि जुनी शेतं गाळाखालून वर येतात. त्या ओल्या गाळात प्रत्येक घर आपापल्या जुन्या जागी काकडी, भुईमूग, कलिंगड टाकतं. पण बांध वर्षभर पाण्याखाली मळून गेलेले; कुणाचं कुठपर्यंत हे कळायचं कसं? त्यासाठी हद्द दाखवायची असते. दाखवणाऱ्यानं अनवाणी चालायचं, आणि त्याच गाळाचं ओलं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं. ढेकूळ डोक्यावर असेपर्यंत त्यानं खोटं बोलायचं नाही, आणि त्यानं जे सांगितलं त्याला कुणी कधीही उलट बोलायचं नाही. ढेकळाचं पाणी तोंडावरून गळतं, ते पुसायचंही नाही. खालच्या गावात शिवेच्या भांडणाला हेच करत. पाण्यानं गाव नेलं, रिवाज तेवढा ठेवला.

एकोणीस वर्षं हे काम आबांकडं होतं. एके वर्षी चालता चालता त्यांच्या लक्षात आलं, की आपणच मागची दोन वर्षं शेजारच्या कुंडलिकच्या जागेत दोन हात आत पेरतोय. त्यांनी तिथल्या तिथं पाय मागं घेतला आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्या वर्षी घाईनं आधीच टाकलेला भुईमूग उगवूनही आला होता. भामाबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि कुंडलिक मात्र तेव्हापासून त्यांना बापाच्या जागी मानू लागला.

यंदा चैत्र उजाडायच्या आत आबांचा जावई, सिद्धनाथ, वाडीला आला. शिवऱ्याला हायवेला लागून त्याचं चहा-वडापावचं हॉटेल आहे. बोलायला गोड, कपडे परीटघडीचे, आणि आला की सासूच्या पाया पडणारा. भामाबाईनं कोंबडी कापली. जेवणं झाल्यावर सुपारी कातरता कातरता तो म्हणाला, “मामा, रखमाजीकाकांचा निरोप हाय.”

आबा लवंडले होते, ते ताडकन उठून बसले.

“काका लई थकल्यात,” सिद्धनाथ म्हणाला. “म्हणत्यात, शेवटचे दिस आपल्या गावी काढायचे. वरल्या तुकड्यावर एक खोली बांधायची. पोरं तयार हायती. पर बांधाया परवानगी पायजे, तर हद्द नक्की पायजे. मोजणीवाले म्हणत्यात, एक तरी जुना खुणेचा दगड दाखवा. काका म्हणले, त्यो दगड गेन्याबिगर कुणाला घावायचा न्हाई.”

“मग त्यांनी सोता फोन का न्हाई केला?” भामाबाईनं चुलीपुढून विचारलं.

“ऐकाय येत न्हाई, मामी, त्यास्नी.”

“बघ! म्या म्हणलं नव्हतं?” आबा मांडीवर थाप मारून म्हणाले. “भैरा झालाय गडी!” स्वतःचा अंदाज खरा ठरल्याच्या आनंदात त्यांनी पुढचं काही विचारलंच नाही. म्हातारा माणूस खूश झाला की त्याच्याइतका भोळा कुणी नसतो, आणि आबा त्या दिवशी फार खूश होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सिद्धनाथच्या पुढं चालत, चालत कसले, जवळजवळ पळतच, काठावर गेले. सिद्धनाथ म्हणाला, “नुसतं बोट दावा मामा, ढेकूळ कशाला?” आबांनी त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं पुढं तोंड उघडलं नाही. “ढेकळाबिगर हद्द नसती, पाव्हणं,” ते म्हणाले, आणि वाकून दोन्ही हातांनी गाळ उचलून डोक्यावर ठेवला. पाणी अजून पुरतं हटलं नव्हतं. गुडघाभर पाण्यातून ते पावलं मोजत गेले, एका जागी थांबले, एका हातानं ढेकूळ सावरत खाली बसले आणि दुसऱ्या हातानं गाळ उकरू लागले. हात कोपरापर्यंत आत गेला. मग त्यांचा चेहरा उजळला. “हाय! बसलाय बाबा जाग्यावर!”

दगडावर टाकीनं कोरलेली फुली होती. आबांनी ती बोटानं चाचपून पाहिली आणि उठून हद्द सांगायला सुरुवात केली. हितनं वर त्या करवंदीपतुर, तिथनं डाव्या हाताला कातळापतुर. हा समदा उतार रखमाजीच्या खाचरात.

“पुन्यांदा सांगा मामा,” मोबाईल समोर धरून सिद्धनाथ म्हणाला. “काकांना दावायचंय.”

काकांना दाखवायचंय म्हटल्यावर काय! आबांनी छाती काढून पुन्हा सांगितलं. ढेकळाचं पाणी डोळ्यांत उतरत होतं आणि ते हसत होते. शेवटी मोबाईलच्या अगदी जवळ तोंड नेऊन, रखमाजी बहिरा आहे हे ध्यानात ठेवून, ते ओरडले, “रखमाजी! ये बाबा लौकर! वाट बघतुया!”

त्या आठवड्यात त्यांनी कुंडलिककडून उताराचा एक कोपरा मोकळा करून घेतला. तिथले तराफे हलवले, दगड वेचले. रखमाजी येणार, तो आला तरी होड्या लागायच्याच, त्यानंच तर शब्द दिला होता. मग वाडीलाही वाईट वाटायचं कारण नव्हतं. बनाबाई म्हणाली, “येऊ द्या म्हाताऱ्याला. त्याच्या खोलीत मला पावसापाण्याचं पाट्या ठेवाया हुतील.” दहा दिवसांनी मशीन घेऊन मोजणीवाले आले. असे लोक याआधीही दोनदा येऊन, काठावर इकडंतिकडं फिरून गेले होते, तेव्हा वाडीला वाटलं होतं पूल होणार. या खेपेला मशीन कुठं लावायचं ते त्यांना ठाऊक होतं. आबांनी स्वतः त्यांना ताक नेऊन दिलं.

त्यानंतर सिमेंटचे खांब आले, खांबांना तार आली, आणि करवंदीच्या जागी पाटी आली. पाटीवर तंबूचं आणि तळ्याचं चित्र, आणि खाली लिहिलेलं: खासगी मालमत्ता, परवानगीशिवाय प्रवेश नाही. गणवेशातला एक राखणदार खुर्ची टाकून बसला. त्यानं कुंडलिकला सांगितलं, होड्या उचला, तराफे उचला, इथं लेक व्ह्यू कॅम्प होणार आहे. कुंडलिकनं त्याच्याशी हुज्जत घातली. मग तो थेट भोरला गेला, कचेरीत चौकशी केली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आबांच्या अंगणात येऊन उभा राहिला. नेहमी आला की ओसरीवर टेकणारा माणूस, त्या दिवशी बसला नाही.

“आबा, रखमाजीकाका वारले,” तो म्हणाला.

“कवा?” आबांच्या हातातलं जाळं खाली पडलं. “आत्ता? येता येता?”

“दीड वरीस झालं, आबा. पोरांनी दिवाळीतच जमीन इकली. पुण्याच्या लोकांनी घितली. मधी पडला तुमचा जावई. दगड घावंना म्हणून अडलं हुतं.”

आबांनी कुंडलिककडं पाहिलं, मग पाण्याकडं पाहिलं. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते त्यांना आयुष्यात एकदा धरणानं दाखवलं होतं. तेव्हा निदान वर चढायला डोंगर तरी होता. “पाव्हण्यांनी मला म्हणलं...” असं काहीतरी ते बोलू लागले आणि थांबले. रखमाजी मेला होता. दीड वर्षापूर्वी मेला होता, आणि ते डोक्यावर चिखल घेऊन त्याला ओरडून ओरडून बोलवत होते.

वाडीनं हार मानली नाही. सगळे मिळून कचेरीत गेले. पंचवीस वर्षांची आमची वहिवाट आहे, मालकानं स्वतः सांगितलं होतं, होडी लावायला दुसरी जागा नाही, असा अर्ज दिला. समोरच्या पार्टीच्या वकिलानं सगळं ऐकून घेतलं आणि मोबाईल काढला. आबांचा आवाज त्या खोलीत घुमला: हा समदा उतार रखमाजीच्या खाचरात. वकील हसून म्हणाला, हे तुमचेच ना वडीलधारे? खुर्चीवरच्या साहेबानं वाडीच्या लोकांना विचारलं, “ही हद्द तुम्हाला मान्य आहे की नाही?”

हद्द मान्य असली तरी वहिवाट वेगळी, असं म्हणायला जागा होती. नंतर एका वकिलानं त्यांना तसं सांगितलंही. पण त्या क्षणी कुणाच्या तोंडातून शब्द निघाला नाही. मोबाईलमधल्या आबांच्या डोक्यावर ढेकूळ होतं. ढेकळाखालच्या माणसाच्या विरुद्ध बोलायचं कसं? बनाबाईनं पदर तोंडाला लावला. कुंडलिक खाली बघत म्हणाला, “मान्य हाय.” साहेबानं ते लिहून घेतलं.

परत येताना होडीत आबा एका टोकाला बसले होते. कुणी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी निम्मं ओलांडल्यावर बनाबाई म्हणाली, “जावयासाठी केलंत व्हय, आबा?”

“म्या खरं तेच सांगितलं, बने.”

“खरं सांगितलंत. पर कुणापाशी सांगितलंत?”

होडी त्या दिवसापासून कातळाखाली लावावी लागली. माणसं हातावर हात देत वर चढू लागली. तिसऱ्या दिवशी बनाबाई पाटीसकट घसरली आणि तिचा मनगटापाशी हात मोडला. मासे पाण्यात परत गेले. कुंडलिक पुण्याला वॉचमनच्या नोकरीची चौकशी करू लागला. वाडीतलं पाचवं कुलूप त्याच्या दाराला लागणार हे दिसत होतं. आबांच्या अंगणात कुणी येईना. गाळात कलिंगडं टाकायची वेळ झाली तेव्हा लोकांनी आपसांत दोऱ्या धरून वाटण्या केल्या. चुकल्या असतील, कुणी आबांना विचारलं नाही.

सिद्धनाथ फोन उचलत नव्हता. आबांनी त्याला मनातून केव्हाच काढून टाकला. परका माणूस, त्यानं केसानं गळा कापला, आपलं नशीब. पण एका गोष्टीला ते महिनाभर घट्ट धरून बसले होते: कोमलला यातलं काही माहीत नसणार. तिलाही नवऱ्यानं अंधारात ठेवलं असणार. भामाबाई गप्प राही, तेव्हा ते तिला आपण होऊन सांगत, “पोरीला ठाऊक असतं तर तिनं फोन केला नसता? आगं, माझी पत्रं लिवायची ती.” रात्रंदिवस तो एकच आधार होता. वाडी तुटली होती, दोस्त गेला होता, शब्दाची किंमत गेली होती. लेक तेवढी शिल्लक होती.

वैशाखात कोमल आली. एकटीच आली. ती ज्या होडीतून आली ती होडी कातळाखाली लागली नाही. सरळ उतारावर लागली. राखणदारानं खुर्चीवरून उठून तार वर धरली आणि ती खालून आली. आबा हे ओसरीवरून बघत होते. त्यांनी स्वतःला समजावलं, की बाईमाणूस बघून धरली असेल.

कोमलनं आईला पेढ्यांचा बॉक्स दिला. भामाबाईनं तो न उघडता फळीवर ठेवला आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. थोडा वेळ शेरडांची, पावसाची, कोमलच्या मुलीची, प्रगतीची, चौकशी झाली. मग कोमल आबांजवळ येऊन बसली.

“आबा, राग धरू नका,” ती म्हणाली. “जरा पुढचा इचार करा. हितं काय ऱ्हायलंय? चार घरांना कुलपं हायती. आणिक धा वर्सांनी हितं जाळं टाकाया कोण असंल? जो त्यो पुण्याला पळतुया. आता कॅम्प होईल, माणसं येतील, लाईट येईल. ह्यांना तिथं मॅनेजर केलंय. प्रगतीला चांगल्या शाळेत घालता येईल. माझ्यावानी होडीसाठी तिष्ठत शाळा बुडवायची न्हाई तिला.” ती आबांकडं जरा सरकली. “आणि तुमालाबी काम हाय. म्या बोलून ठेवलंय. आलेल्या पाव्हण्यांना जुनं गाव दावायचं. कुणाचं घर कुठं हुतं, हीर कुठं हुती. फेटा देत्यात, बसाया खुर्ची देत्यात.”

तिचं सगळंच खोटं होतं असं नाही. सातवीपर्यंत ती पाऊस-वाऱ्यात उतारावर होडीची वाट बघत उभी राहायची, आणि कितीदा भिजून रडत परत यायची, हे आबांनीच बघितलं होतं. दुसऱ्या कुणी हे बोललं असतं तर त्यांनी वादही घातला असता. पण त्यांना दुसरंच विचारायचं होतं, आणि विचारायची भीती वाटत होती.

“कोमल,” ते म्हणाले, “रखमाजी गेल्याचं तुला ठाऊक हुतं का गं?”

भामाबाईचा हात परातीत थांबला. कोमल पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली.

“व्हय, आबा.”

“कधीपासनं?”

“दहाव्याला गेलो हुतो आमी दोघं.”

“आन मला कळवलं न्हाई.”

“तुमी लई मनाला लावून घेतलं असतं. म्हणलं, सांगू सवडीनं.”

आबांनी मान हलवली. हेही त्यांनी समजून घ्यायचा प्रयत्न केला, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. लेकीचा दोष शेवटच्या काडीपर्यंत जावयाच्या माथी मारायचं त्यांनी ठरवलंच होतं. “बरं. पर पाव्हण्यांनी त्याचं नाव घेऊन मला खोटं सांगितलं, तवा तरी तू त्यांना अडवायचं हुतंस. येवढं तरी...”

“त्यांनी न्हाई, आबा,” कोमल म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज स्थिर होता. हे कधीतरी बोलावं लागणार हे ठरवूनच ती आली असावी. “हे म्हणत हुते, मामांना साधंच इचारतो. म्याच म्हणलं, साधं इचारून आबा दगड दावायचे न्हाईत, वाडीला इचारल्याबिगर तर न्हाईच न्हाई. रखमाजीकाका येणार म्हणून सांगा, पळत जातील.”

पळत जातील. खरंच तर गेले होते ते पळत. एवढं आरपार त्यांना जगात एकाच माणसानं ओळखलं होतं, अंगणात बसून पत्र तीन-तीनदा वाचून दाखवणाऱ्या पोरीनं. परक्याला हे सुचलंच नसतं. कुठं हात घातला की हा म्हातारा आंधळा होतो, ते ठिकाण ठाऊक असणारं माणूस घरातलंच हवं होतं.

भाकरी करपल्याचा वास आला. भामाबाईनं ती तव्यावरून काढली नाही.

कोमल उठली. होडी थांबली होती. तिनं आईच्या पायाला हात लावला. आई तशीच बसून राहिली. लग्न झाल्यापासून बारा वर्षांत ती या घरातून रिकाम्या ओटीनं कधी गेली नव्हती. आबांच्या पाया पडायला ती वाकली, त्यांनी पाय मागं घेतले नाहीत आणि हातही उचलला नाही. उंबऱ्याबाहेर जाऊन तिनं चपला घातल्या आणि मागं वळली.

“येते, आबा,” ती म्हणाली, आणि थांबली. सासरी निघालेल्या लेकीला यावर बाप काय म्हणतो हे तिला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत असतं. त्या एका शब्दासाठी ती उभी होती.

“जा,” आबा म्हणाले.